कुबड्यांच्या ऑफिसात सिस्टिम

४ मार्च, सोमवार
लिहायला उशीर झाला, माफी असावी. रोजनिशी एक जानेवारीपासून लिहायची ठरली होती. पण घरातली सगळी पेनं एकाच जागी नीट लावून ठेवली आणि मग ती जागाच सापडेना. आज सापडली. ही म्हणते, नशीब माझं, मला अजून कुठे लावून ठेवलं नाहीत.

मुद्दा असा. कोपऱ्यावर दोन खोल्यांची एक संस्था आहे. कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर लोकांना फुकट वापरायला देतात, बरं वाटलं की परत घेतात. चालवते एक रिटायर्ड नर्स. मदतीला एक रिक्षावाला, तोही अर्धवेळ. कारभार सगळा तोंडी. कुणी दारात आलं की नर्सबाई आतूनच ओरडतात, उंची किती? की वस्तू हजर. अशानेच संस्था बुडतात.

मी उभा जन्म गोदामात काढला. शिक्षण सातवी, पण जुनी सातवी. नर्सबाईंना म्हटलं, साधे साधे उपाय असतात, मी करून देतो. त्या म्हणाल्या, बघू काका महिनाभर. जमलं तर ते कोपऱ्यातलं टेबल तुमचं.

टेबलाला खण आहे. खणाला कुलूप. घरीसुद्धा माझं म्हणावं असं एवढं काही नाही.

७ मार्च, गुरुवार
पहिला उपाय. व्हीलचेअरच्या पाय ठेवायच्या पट्ट्या काढल्या. डाव्या एका खोक्यात, उजव्या दुसऱ्या. अर्धी खोली मोकळी! रिक्षावाला बघतच राहिला. म्हणाला, काका, आता कुठली पट्टी कुठल्या खुर्चीची? म्हटलं, बाबा रे, आधी जागा, मग शंका.
छातीत धडधडतंय. गॅस असावा.

१२ मार्च, मंगळवार
पट्ट्या जुळत नाहीत. खुर्च्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या निघाल्या. यात माझा काय दोष? एक आजोबा पाय हवेत धरून घरी गेले. व्यायाम होईल.

१५ मार्च, शुक्रवार
मोठा उपाय. तोंडी मागणी बंद. दाराबाहेर पेटी लावली. चिठ्ठी टाका, नंबर लागेल, निरोप येईल. पेटी दर सोमवारी उघडायची. किल्ली फक्त माझ्याकडे.
नर्सबाई म्हणाल्या, अहो काका, पाय मोडलेल्या माणसाने सोमवारपर्यंत करायचं काय? म्हटलं, पडून राहायचं. नाहीतरी डॉक्टर तेच सांगतात.
त्या उठून मागच्या दाराची कडी काढायला गेल्या. म्हणजे पटलं.

१८ मार्च, सोमवार
पेटी उघडली. आत एका रंगाऱ्याची जाहिरात, बाकी काही नाही. मागणी शून्य! सिस्टिम आल्याबरोबर माणसं पडायची थांबली.
मागच्या दाराशी मात्र फार वर्दळ. लोक हळूहळू येतात, नर्सबाईंना भेटतात आणि कुबड्यांवर परत जातात. नातेवाईक असावेत. कुटुंब बरंच मोठं दिसतंय, आणि अशक्त.

२२ मार्च, शुक्रवार
झोप नाही. नर्सबाई टेबलाचं नाव काढत नाहीत. रिक्षावाल्याला आडून आडून विचारलं. तो म्हणाला, काका, तुम्ही असेच पुढच्या खोलीत बसून राहा, तीच मोठी मदत.
डोळे भरून आले. आजकाल इतकं मोकळं कोण बोलतं?

२७ मार्च, बुधवार
पेटीवर 'गर्दी करू नये' अशी पाटी लावायला स्टुलावर चढलो. स्टूल डुगडुगलं. पाय भोपळ्याएवढा सुजलाय. डॉक्टर म्हणाले, वॉकर असल्याशिवाय उठायचं नाही. आणि सोमवारी टेबलाचा निकाल!
ही म्हणाली, नर्सबाईंना फोन करते, आत्ता मागच्या दाराने देतील. म्हटलं, मागच्या दाराने? म्हणे, अख्खी गल्ली तिथूनच नेते, तुम्हालाच काय ते माहीत नाही.
मी हसलो. हिला कोणी काहीही सांगतं. नियम सगळ्यांना सारखा. जावयाला चिठ्ठी घेऊन पिटाळलं. त्याने पेटीत टाकली. काळजी मिटली.

१ एप्रिल, सोमवार
पेटी उघडायचा दिवस. सकाळपासून दाराकडे कान. कोणी आलं नाही. जेवताना लक्षात आलं, किल्ली माझ्याच सदऱ्याच्या खिशात.

दुपारी रिक्षावाला खालूनच ओरडला. नर्सबाईंचा निरोप होता. टेबल तुमचंच काका, फक्त ती पेटी तेवढी काढू या. वॉकर काढून ठेवलाय, उंची किती?
टेबल माझं! पण तत्त्व म्हणून काही आहे की नाही? मी ठणकावून सांगितलं, उंची चिठ्ठीत लिहिली आहे, नंबर लागला की कळवा.
तो बरं म्हणून गेला. ही म्हणाली, आता नियमानेच उठा. आणि बहिणीकडे निघून गेली.

संध्याकाळ. बाथरूमला जायचंय, आणि धरून न्यायला ही नाही. केव्हापासून. फोन पलीकडच्या फळीवर आहे. मीच नीट लावून ठेवलाय.

पाच फूट चार इंच. मागच्या दाराला कुणीतरी कळवा हो, लवकर.