ढगोबाचा कागद

दि. ३ मार्च
चि. डॉक्टरीणबाई, अनेक आशीर्वाद.
तू पैसे घेतले नाहीस, तरी नातीची तपासणी मला पडली ती अशी: अर्धा दिवस दुकानाला कुलूप, दोन शिंपी नाराज आणि सूनबाईचा तीन दिवस अबोला. ती म्हणते, पोरगी शहाणी आहे, तिला वेडी ठरवू नका. मलाही पटतं. नात उड्या मारत नाही, गप्प बसते. घरात तिला ढगोबा म्हणतात ते उगीच नाही. पण शाळा म्हणते, महिनाभरात सुधारली नाही तर त्याच वर्गात ठेवू. तुझ्या प्रश्नांच्या कागदाला सूनबाई हात लावेना, म्हणून मीच भरून सोबत पाठवतोय. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याचा हात आहे. चाळीस वर्षांत एक काम अर्धवट टाकलेलं नाही.
लोभ आहेच, त्याला तेलपाणी करत जा.
दादा

दि. ८ मार्च
ती. दादास, सा. न.
ढगोबाचे कान, डोळे ठीक आहेत, बुद्धी तर तल्लख. वेडी कोण म्हणतंय? लक्ष न टिकणाऱ्यांपैकी उड्या मारणारं पोर सगळ्यांना दिसतं. खिडकीबाहेर बघत बसणारं, त्यातून मुलगी, नजरेतून सुटते. म्हणून आम्ही घरी विचारतो नि शाळेतही. नुसत्या कागदावर काही ठरत नाही. शाळेनंतर ती तुझ्या दुकानात असते ना? एक दुपार नीट बघ आणि कळव. तुझे कान तिखट आहेत.
तुझी माया आहे तशीच राहो.
धाकटी

दि. १२ मार्च
चि. धाकटीस, आशीर्वाद.
काल बघितलं. निळ्या डब्यातली दोरा गुंडाळायची बॉबिन आण म्हटलं. गेली, ती डब्यावरच्या माशीपाशीच थांबली. चौथ्या खेपेलाही रिकाम्या हाताने आली आणि रडली. म्हणाली, ऐकू सगळं येतं, पण वाटेत सांडतं. अगं, सुई सरळ, धागा पक्का, तरी टाका चुकतो, तशातली गत! इतकी वर्षं मी तिला आळशी म्हणत होतो. सूनबाईला सगळं सांगितलं. सोमवारी तीच पोरीला घेऊन येते आहे.
आमची आठवण ठेव, रागही ठेव.
दादा

दि. २० मार्च
ती. दादास, सा. न.
सोमवारी दोघी तासभर बसल्या. लक्ष टिकण्यातच अडचण आहे, हे आता नक्की. शाळेला लिहून दिलं: पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना. बाईंनी ऐकलं; ढगोबा वरच्या वर्गात जाणार. पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. तुझे आशीर्वाद असू देत.
धाकटी

ता. क. कागदाची मागची बाजू सूनबाईने इथे बसून भरली. तू ती कोरीच पाठवली होतीस.