टाचेवर नजर

ता. ३ जून

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. बर्फाचा कारखाना सोडला. आता एका तळ्यावर आहे. हौशी पाहुणे होड्या वल्हवतात. पुढच्या तळ्यापर्यंत अर्ध्या तासाची पायवाट आहे, तिथे होड्या आम्ही वाहून नेतो. होडी पालथी करून खांद्यावर घ्यायची, डोकं आत. मग दिसतात त्या फक्त पुढच्या गड्याच्या टाचा. मुकादम म्हणतो, टाचेवर नजर ठेवा, बाकीचं जग गेलं उडत.

मधे ओहोळ, ओले दगड, शेवाळ. गमबुटात पाणी भरून एकेक पाय बादलीएवढा होतो. सँडल घातली तर अंगठ्याचं नख गेलं. पण माझ्या पुढे एक गडी असतो, त्याचे बूट बघून जीव जळतो. तपकिरी, घोट्यापर्यंत, बाजूला पाणी जायला भोकं. शेवाळावरही पाय तसूभर सरकत नाही. तसे मला शिवून दे. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही, हे भाऊजींना मोठ्याने वाचून दाखव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा


ता. १२ जून

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पायाला भिंगरी आहे हे ठाऊक होतं, आता तिला बूट शिवणं माझ्या नशिबी आलं. तुझे भाऊजी म्हणाले, बूट कशाला, दोरी पाठव बांधून ठेवायला.

आता नीट ऐक. टणक सोल ओल्या दगडावर काचेसारखा घसरतो, म्हणून मऊ रबर घेतलंय, खोल खाचांचं. नुसता चिकटवलेला सोल पाण्यात आठवड्यात तोंड उघडतो, म्हणून कडेने शिवतेय. टाच घट्ट, बोटांना जागा, आत पाणी पिणारं अस्तर नाही.

एक मात्र बघून कळव. त्या गड्याचे बूट पाण्यातून निघाल्यावर किती वेळ ठिबकतात? भोकं बरोबर जागी असली तर वीस-पंचवीस पावलांत बूट निथळतो. आणि ते शिवले कुणी, तेही विचार. आमच्या धंद्यातलाच कुणी असेल.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आशीर्वाद आहेतच.

ताई


ता. २१ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

मुकादमाची पाठ आखडली म्हणून आठवडाभर मीच सगळ्यांच्या पुढे चालतोय. मागे सात जण. तू सांगितलंस म्हणून जेवताना विचारलं, तपकिरी बूट कुणाचे? सगळे हसले. सगळ्यांकडे काळे रबरीच आहेत. मी म्हटलं, मग माझ्या पुढे चालतो तो कोण? मुकादम म्हणाला, तुझ्या पुढे कोण असणार, पहिला तूच. असेल पाहुण्यांपैकी कुणी.

ठिबकण्याचं विचारलंस. सारखे ठिबकतात गं. अर्धा तास, पार तळ्यापर्यंत. कोरड्या दगडांवरसुद्धा ओली पावलं उमटतात. म्हणजे शिवणाऱ्याला भोकं पाडताच आली नाहीत. तूच बरी.

एक गंमत. वाट फुटते तिथे तो डावीकडे वळून उभा राहतो, जणू माझ्यासाठी खोळंबलाय. मुकादम मागून ओरडतो, डावी वाट बंद आहे, पुढे कडा आणि धबधबा. पण तो रोज जातोच ना? जवळची वाट असणार. एकदा जाऊन बघायचंय.

भाऊजींना नमस्कार. आठवण काढत जा.

तुझा धाकटा


ता. २७ जून

धाकट्या,

मायना लिहायला वेळ नाही. बूट आजच पाठवतेय, पत्र त्यातच खुपसते.

बुटात मावतं ओंजळभर पाणी. ते संपतं. अर्धा तास कुठलाच बूट ठिबकत नाही, मग तो कुणीही शिवलेला असो. ते पाणी बुटातलं नाही. वरून येतंय, अंगावरून.

तुला फक्त टाचा दिसतात. वरचं कधी पाहिलंयस? पाहू नकोस. डावीकडे पाऊल टाकू नकोस. तुझ्या मागचे सात जण तुझ्याच टाचा बघत येतात, हे तरी डोक्यात घे, बाबा.

ताई


ता. ६ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

बूट मिळाले त्याच सकाळी मी डावीकडे जायचं ठरवलं होतं. पाय घातला तर बोटांना कागद लागला. मला वाचायला वेळ लागतो, तू जाणतेसच. सगळे होड्या घेऊन ताटकळले, शिव्या घालत होते. मी अक्षर न् अक्षर लावून वाचलं.

मग निघालो. वाट फुटते तिथे त्या टाचा डावीकडे वळल्या. मी उजवीकडे वळलो. तिथला उतार नुसता शेवाळाचा, पण तुझ्या सोलने दगड सोडला नाही. मागून सातही जणांची पावलं माझ्यामागे आली, ती मी मोजली.

आणि पुढे पाहिलं तर ते बूट पुन्हा माझ्यासमोर. आजवर टाचा दिसायच्या, त्या दिवशी चवडे दिसले. माझ्याकडे तोंड करून, उलटं चालत, तळ्यापर्यंत. ताई, मी मान वर केली नाही.

मुकादमाला सांगितलं. तो लगेच बाकीच्यांना म्हणाला, घरी जा. मीही निघतोय. मंगळवारी दुपारी पोचेन.

दार वाजलं की लगेच उघडू नकोस. आधी खालच्या फटीतून बघ. तुझी शिलाई तू ओळखशीलच. बूट कोरडे असले, तर मी आहे.

मग हवं तेवढं रागाव.

तुझा धाकटा