टिंब न दिलेली ओळ

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याच टेबलाशी बसतो. साप्ताहिकातला मजकूर खरा की खोटा ते छपाईआधी तपासायचं, पटलेल्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलीचं टिंब द्यायचं, टिंब नसलेला शब्द पुढे जाऊ द्यायचा नाही, हे सगळं तुमचंच शिकवणं. आताची मुलं म्हणतात, "काका, नेटवर तर तसंच आहे." मी तुमचा आवाज काढून म्हणतो, "राशिभविष्यसुद्धा छापलेलंच असतं." पण तुमचा तो प्रश्न, "कुणी पाहिलं?", तो काही मला तुमच्यासारखा विचारता येत नाही.

खडकवासल्याचं आठवतं का? एका लेखात धरणाच्या दरवाज्यांचा आकडा होता. मी जुन्या पुस्तकात बघून टिंब दिलं. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघताय. "कुणी पाहिलं?" "पुस्तकात आहे, सर." "पुस्तकाला डोळे असतात का? सायकल आहे ना तुमच्याकडे?" दुसऱ्या दिवशी भर उन्हात जाऊन दरवाजे मोजून आलो आणि घामाने निथळत सांगितलं, की आकडा बरोबरच होता. तुम्ही म्हणालात, "बरोबर होता हे तुम्हाला आज कळलं. टिंब काल दिलंत." आणि मग स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी पुढे सरकवलीत. कुणाला बोललात की त्याला खाऊ घालायची तुमची खोडच होती.

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी तुम्ही मला एक पाकीट दिलंत. आत माझा नोकरीचा अर्ज! नाव, गाव, वय, सगळ्यावर टिंबं. फक्त "मॅट्रिक पास" यावर नाही. शाळा मी नववीतच सोडली होती, पुढचं जे काय शिकलो ते रद्दीच्या गठ्ठ्यांतून. म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हाला माहीत होतं. मान वर करून बघितलं तर तुम्ही छत्री शोधत होतात. "जपून ठेवा," एवढंच म्हणालात.

यंदाच्या विशेषांकात तुमच्यावर लेख आहे आणि तो तपासायला माझ्याकडेच आला. त्यात एक ओळ, तुम्ही नेहमी सांगायचात तीच: आई सातवी शिकलेली होती, तिनेच अक्षरं शिकवली. टिंब द्यायच्या आधी मांजरी गावाला, तुमच्या धाकट्या बहिणीकडे गेलो. उसाच्या मळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्यात, पण ताईंच्या दारातला बाक तसाच आहे.

"आई? सातवी?" ताई खळखळून हसल्या. "अंगठा लावायची ओ ती. दादा पेपर वाचायचा, ती भाकरी थापत ऐकायची, अन् दर बातमीला इचारायची, हे कुनी बघितलं?"

मी चहाचा कप बाकावर ठेवला. ताईंच्याही मग ध्यानात आलं, मी कशाला आलोय ते. "आता खोडनार व्हय तुमी? दादानं चारचौघांत सातवी म्हनलं की आई पदर सारखा करून ताठ बसायची. तेवढं ऱ्हाऊ द्या की."

परतताना बसमध्ये खिशातली पेन्सिल सारखी टोचत होती. ओळ खोडावी, तर ताठ बसलेल्या त्या माऊलीला हाताला धरून उठवल्यासारखं. टिंब द्यावं, तर तुम्हाला तोंड कसं दाखवू? शेवटी घरी येऊन ते पाकीट काढलं आणि अर्जातली ती टिंब नसलेली "मॅट्रिक पास"ची जागा पुन्हा बघितली. मग लेखातल्या बाकी सगळ्या शब्दांवर टिंबं दिली, ती एक ओळ कोरी ठेवली आणि प्रूफ पुढे पाठवून दिलं.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार? त्याच पाकिटात, अर्जाच्या घडीत ठेवतोय. एक तेवढं सांगायचं राहिलं. आज सकाळी संपादक मुलगी प्रूफ घेऊन आली. "काका, एका ओळीवर टिंबं राहिलीत." मी म्हटलं, "छापा तुम्ही, बघितलंय मी. चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून राहिली असतील." ती बिचारी "बरं" म्हणून गेली. सर, चष्मा मी गेल्याच महिन्यात बदललाय.