डाव्या सीटवरचा रेसर

१६ नोव्हेंबर, रविवार

मेहुण्याचा वाढदिवस. पार्टी हायवेवरच्या गो-कार्ट ट्रॅकवर. सगळ्यांनी एकेक राउंड मारला. मी मारला नाही, पॅन्ट नवी होती. पण कठड्याशी उभं राहून नीट अभ्यास केला. समोरून वाहन नाही. रिक्षा नाही. म्हैस नाही. खड्डासुद्धा नाही. गिअर नाही, क्लच नाही. आणि त्या पोरांना वाटतं आपण काहीतरी करतोय!

मी बावीस वर्षं सातपुरात ड्रायव्हिंग शिकवतोय. अर्ध्या एमआयडीसीला गाडी मी शिकवली. मला हे काय अवघड?

ट्रॅकचा मॅनेजर हर्षल म्हणाला की २१ डिसेंबरला नवशिक्यांची रेस आहे. नवशिक्या हा शब्द मला लागू होत नाही, पण नाव देऊन टाकलं.

खरं कारण फक्त इथे लिहितो. कुंदन. माझ्याकडेच गाडी शिकला, नऊ वर्षं माझ्याकडेच ट्रेनर होता, आणि आता रस्त्याच्या पलीकडे स्वतःचं स्कूल उघडून बसलाय. 'एसी कार, सिम्युलेटर' असा बोर्ड. दिवाळीपासून माझ्याकडे एक नवीन विद्यार्थी आलेला नाही. रेस जिंकायची, ट्रॉफी काचेत ठेवायची आणि बोर्डावर 'गोरक्ष मोटर ट्रेनिंग स्कूल'च्या खाली लिहायचं: 'संचालक स्वतः रेसर'. मग बघू तो कोणत्या सिम्युलेटरवर ट्रॉफी काढतो.

तेजस्विनीला सांगितलं. म्हणाली, काय करायचं ते करा, पण कमरेचा पट्टा बांधून करा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पहिली प्रॅक्टिस. आधी डोक्यात एक कापडी टोपी घालायला देतात, ऑपरेशनला नेताना घालतात तसली. वर हेल्मेट. आत आधीच्या माणसाचा घाम. कार्ट इतकी बुटकी की बसताना हर्षलने आणि आणखी एकाने मला दोन्ही काखांत धरून उतरवलं. स्टिअरिंग पोटाला लागतं. हा डिझाइनचा दोष आहे, मी तसं सांगितलं.

दोनच पेडल. डावं ब्रेकचं, उजवं ॲक्सिलरेटरचं. ठीक.

निघालो. पहिलं वळण आलं, मी ब्रेक मारला. गाडी थांबायच्या ऐवजी सुसाट सुटली आणि थेट टायरांच्या भिंतीत. ब्रेक फेल! मी तिथेच आरडाओरडा केला. हर्षलने तीच कार्ट स्वतः फिरवून आणली, त्याच वळणावर व्यवस्थित थांबवून दाखवली. मालकाचा माणूस म्हटल्यावर गाडी ऐकणारच. मी दुसरी कार्ट मागितली.

दुसरीचाही ब्रेक फेल निघाला. मेंटेनन्स शून्य आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

बरगड्या दुखतायत तरी गेलो. आजचे अनुभव:

वळताना मी हाताने इशारा दिला. हर्षल ओरडला की अंकल, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. म्हणजे मागच्याला कळायचं कसं? हॉर्न शोधला. हॉर्नच नाही. मी शिस्तीत डावीकडून चाललो होतो तर एक कॉलेजची पोरगी डावीकडून ओव्हरटेक करून गेली. डावीकडून! मी तिच्या कार्टचा नंबर लक्षात ठेवलाय.

एक माणूस दर राउंडला मला निळा झेंडा दाखवत होता. विचारलं तर म्हणे, मागचा फास्ट आहे, त्याला जाऊ द्या. मी सगळ्यांना जाऊ दिलं. या खेळात सभ्यपणाला किंमत नाही.

नंतर ब्रेक फेल. टायर.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आजपासून संकल्प. रात्री फक्त एक भाकरी. पहाटे चालणं. रोज एक तास रेसिंगचे व्हिडिओ. वजन कमी झालं की गाडी हलकी, गाडी हलकी की वेग आपोआप.

व्हिडिओत कळलं की वळणाला बाहेरून शिरायचं, आतला कोपरा घासून परत बाहेर पडायचं. याला रेसिंग लाइन म्हणतात. सकाळी विमलाबाईंचा क्लास होता. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या हेडनर्स, गणपतीपासून माझ्याकडे शिकतायत, आरटीओच्या टेस्टमध्ये दोनदा नापास. त्यांना म्हटलं की पुढचं वळण रेसिंग लाइनने घ्या. त्यांनी गाडी बाजूला लावली आणि विचारलं की सर, बीपीची गोळी घेतलीत का.

बाईंना कॉन्फिडन्स नाही. वळण आलं की माझ्याकडे बघतात. ब्रेक मलाच मारावा लागतो. गाडीत डावीकडे माझ्या पायाशी क्लच आणि ब्रेक आहे म्हणून बरं, नाहीतर सातपुरातला एकही खांब शिल्लक राहिला नसता.

चालणं उद्यापासून. आज थंडी फार.

२ डिसेंबर, मंगळवार

बोर्ड रंगवून घेतला. रेसच्या आधी रंगवणं घाईचं आहे असं तेजस्विनीचं मत. पण पेंटर आजच मोकळा होता. 'संचालक स्वतः रेसर.' लाल अक्षरं, खाली चौकटी-चौकटीचा झेंडा. पार चौकातून दिसतं.

कुंदन रस्ता ओलांडून आला. अभिनंदन सर म्हणाला. रेस कधी आहे, आम्ही सगळे बघायला येतो, असंही म्हणाला. याच्या डोळ्यांत मत्सर स्पष्ट दिसत होता. त्याने चहाही सांगितला. मत्सर लपवण्यासाठीच.

भाकरी एकच खाल्ली. भात वेगळा.

७ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस लिहावा की नाही, विचार करत होतो.

विमलाबाई नातीला घेऊन ट्रॅकवर आल्या. सर रेस करतात म्हणून बघायला. मी तीन राउंड केले, तीनदा टायर. मग नात हट्ट धरून बसली की आजी, तू पण. मी स्पष्ट विरोध केला. बाईंना साधी रिव्हर्स घेता येत नाही!

बाई बसल्या. साडीला क्लिपा लावून, हेल्मेट घालून. निघाल्या. मी कठड्याशी उभा राहून उजवा पाय जमिनीवर आपटत होतो, सवयीने. पण त्या कुठेही आदळल्या नाहीत. सगळे राउंड पूर्ण. दोन पोरांना मागेही टाकलं. उतरल्यावर हर्षलने टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं की इथे कसं काय जमलं. बाई हसून म्हणाल्या, सर, इथे डावीकडे कोणी पाय ठेवून बसलेलं नसतं ना.

डाव्या सीटवर माझ्यावर काय काय प्रसंग आलेत, यांना काय माहीत. आणि बाईंचं वजन कमी आहे, हा मुद्दा कोणी लक्षात घेत नाही.

वरून हर्षलने मला बाजूला घेतलं. म्हणाला की अंकल, ब्रेक ओके आहे, तुम्ही घाबरला की राइटचं पेडल दाबता, मी आज तुमचे पाय बघत होतो. मी म्हटलं की मी घाबरत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

घरी खुर्चीत बसलो. खाली दोन पाट ठेवले, डावा ब्रेक, उजवा ॲक्सिलरेटर. तेजस्विनी मेथी निवडत होती. तिला सांगितलं की मध्येच कधीही ओरड. ती ओरडली, खड्डा! माझा उजवा पाय खाली. रिक्षा! उजवा. म्हैस! उजवा. पुढे तिला मजाच यायला लागली, कुंदन म्हणून ओरडली. तरी उजवाच.

बावीस वर्षं माझ्या उजव्या पायाखाली ब्रेकच आहे. क्लच डावीकडे, ब्रेक उजवीकडे. ट्रेनरच्या बाजूला ॲक्सिलरेटर नसतोच. म्हणजे दोष माझा नाही, अनुभवाचा आहे. इतका अनुभव दुसऱ्या कोणाला असता तर त्याचंही हेच झालं असतं.

तेजस्विनीने मेथी खाली ठेवून विचारलं की अहो, तुम्ही उजव्या सीटवर शेवटचं कधी बसलात. मी म्हटलं की नसते प्रश्न विचारू नकोस.

मग आठवत बसलो. सकाळी पहिला विद्यार्थी गाडी काढतो, संध्याकाळी शेवटचा लावतो. मी घरी स्कूटीवर. चांदवडला देवीला गेलो तेव्हा कुंदन चालवत होता. त्याआधी? आठवेना. राग आला. कोणाचा ते कळलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

उपाय सापडला! उजव्या बुटात हरभरे. जोरात दाबलं की टोचणार, पाय आपोआप वर. बुद्धी असावी लागते.

१४ डिसेंबर, रविवार

हरभरे यशस्वी. एकदाही आदळलो नाही. हर्षल म्हणाला की आज पहिल्यांदा सगळे टायर जागेवर आहेत. वेग थोडा कमी पडतो. एका राउंडला मागून चालत येणाऱ्या माणसाने मला वेळ विचारली. पण कंट्रोल पूर्ण आहे. वेग नंतर वाढवता येतो.

तळव्याला फोड.

१७ डिसेंबर, बुधवार

विमलाबाई या आठवड्यात क्लासला येत नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाल्या. कार्टवर बसायला कोणी सांगितलं होतं? आता माझ्याकडे एकही विद्यार्थी उरला नाही. काही हरकत नाही. रविवारनंतर रांग लागेल.

२१ डिसेंबर, रविवार

हरलो.

सगळे आले होते. मेहुणा, आमच्या गल्लीतले, विमलाबाई नातीसह, आणि कुंदन त्याच्या विद्यार्थ्यांची व्हॅन भरून. त्यातल्या एकाने ओरडून सांगितलं, सर, बोर्ड वाचलाय! मग मला वाटलं की एवढ्या लोकांसमोर हरभऱ्याच्या वेगाने फिरणं बरं दिसत नाही. सुरुवातीच्या रेषेवर बूट काढला, हरभरे झटकले.

झेंडा पडला. पहिलं वळण. पुढे सात जण एका जागी गोळा. मी घाबरलो. होय, घाबरलो. उजवा पाय पूर्ण खाली गेला. तीन जणांना सोबत घेऊन टायरांत. रेस थांबवावी लागली. ती डावीकडून ओव्हरटेक करणारी पोरगी माझ्या खाली-वर कुठेतरी होती, तिनेच आधी विचारलं की काका, लागलं का.

कठड्यावरून उडी मारून पहिला कोण आला, तर कुंदन. हेल्मेट त्यानेच काढलं. काखांत धरून बाहेरही त्यानेच काढलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मला त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

परत येताना तेजस्विनीने स्कूटी चालवली.

२४ डिसेंबर, बुधवार

कारणं: एक, ट्रॅक थंड होता. दोन, पुढचे सात जण वळणावर उगाच हळू झाले. तीन लिहायचा कंटाळा आला.

पेंटरला 'रेसर' पुसायला बोलावलं. म्हणाला, पुसलं तर डाग दिसेल, त्यापेक्षा राहू द्या, कोण वाचतंय.

दुपारी विमलाबाई पेढे घेऊन आल्या. टेस्ट पास झाल्या. मी आनंदाने म्हटलं की बघा, माझी चार महिन्यांची मेहनत. बाई खोटं बोलत नाहीत, तीच अडचण. म्हणाल्या, सर, गुडघा दुखत नव्हता, शेवटचा आठवडा कुंदनकडे गेले, रागावू नका. मी विचारलं की त्याने असं काय शिकवलं. म्हणाल्या, काहीच नाही. तो डावीकडे सीटवर मांडी घालून बसतो.

मी पेढा घेतला. फार वाईट वाटलं. चार महिने रोज त्या बाईंचं प्रत्येक वळण मी वाचवलं, आणि पास कशाने झाल्या, तर मांडीने.

२ जानेवारी, शुक्रवार

आज गाडीचं पासिंग होतं. गाडी आरटीओत न्यायची. काढायला विद्यार्थी नाही. म्हटलं, मी स्वतः नेतो, त्यात काय.

उजव्या सीटवर बसलो. सीट पुढे घेतली, मागे घेतली. आरसा लावला. गाडी सुरू केली, बंद पडली. परत सुरू केली, परत बंद. तिसऱ्यांदाही बंद. आतून काच पुसत बसलो, म्हणजे बाहेरच्यांना काही काम चाललंय असं वाटेल.

समोर कुंदन त्याच्या स्कूलचं शटर उघडत होता. त्याला हाक मारली. म्हटलं, रस्त्यात गप्पांना सोबत म्हणून चल. तो लगेच आला. डावीकडे बसला, चपला काढल्या आणि मांडी घातली. चला सर, म्हणाला.

पहिलं वळण वीस पावलांवर. गाडी सुरू केली, तर पलीकडून टेम्पो येत होता. माझे दोन्ही पाय कोणतं पेडल कशाचं ते विसरले. शेवटी म्हणावंच लागलं.

कुंदन, पाय खाली ठेव बाबा.

त्याने ठेवले. मग गाडी निघाली.