पाच पंच, साठ घरं

७ ऑक्टोबर
मी सांगते, नात रुचिका लिहिते. भाषा सुधरवू नको म्हटलं तिले. सुधरवतेच!
लाखनीच्या कॉलेजात भाषण आहे तिचं — लोक वाढले तर खासदार वाढावे का. आता पाचशे त्रेचाळीस आहेत म्हणे, अन् नव्या सभागृहात खुर्च्या आठशेच्या वर. पाहुण्याले आवतन नाही, पत्रावळी आधीच मांडल्या!

८ ऑक्टोबर
ज्या मुलखांनी लेकरं कमी केली, त्यांले भेव आहे — डोकी मोजली तर आपला आवाज दबेल. मले पटलं. सासूच्या शिव्या खाऊन दोन लेकरांवर ऑपरेशन केलं मी. त्याचं बक्षीस हेच?

१० ऑक्टोबर
केवळराम आला. धाकट्या दिराचा पोरगा, खालटोलीत राहते.
तलावाचं पाणी कोणाले कधी सोडायचं ते पाच पंच ठरवतात. मालक गेल्यापासून त्यांच्या जागी मी. पंच नेमले तेव्हा खालटोलीत तीन घरं होती. आज साठ. पंच एकही नाही. पाऊस गेला, धान पोटरीत आला, अन् वावरातल्या सगळ्या बांध्यांले पुरेल इतकं पाणी तलावात नाही. पाणी वरून खाली जाते. आमची बांधी सगळ्यात पहिली भरते. त्याले खालटोलीचे दोन पंच वाढवून पाहिजेत.
म्हटलं, लेकरं तुम्ही वाढवली, शिक्षा आम्हाले कायले?
चहाची बशी खाली ठेवून म्हणते, "मोठीमाय, आम्ही का आभाळातून पडलो? हिस्से झाले, तुमच्याच वरच्या घरांतून खाली गेलो."
बोलता येते कार्ट्याले.

११ ऑक्टोबर
यादोराव पंच येऊन गेले. पंच वाढले म्हणून पाणी वाढते का, म्हणतात. खरं आहे. रुचिकानं लगेच भाषणात घातलं.

१२ ऑक्टोबर
गुडघा दुखते. उद्या पंच वाढवायची बैठक. दोन पंच इकडे, दोन तिकडे, मधात मी. माझा अनुप सकाळपासून तीनदा सांगून गेला — माय, हात खालीच ठेव.
हिस्से झाले तेव्हा खालची जमीन दिराच्या वाट्याले मीच घातली होती. वरची आपल्याले. रुचिकाले हे माहीत नव्हतं.

१३ ऑक्टोबर
हात वर केला. पंच सात झाले. सातांचा पहिलाच ठराव — यंदा पाण्याची पाळी खालून वर. आमची बांधी शेवटी.
अनुप अजून जेवायले आला नाही.