ह्यांची शेवटची कलमं

भावोजी,

मी गिऱ्हाइकाच्या गाडीतून जाते आहे. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

आपल्या रोपवाटिकेच्या मागच्या कोपऱ्यातली गुलाबाची कलमं आज विकली. हे गेले त्याआधी त्यांनी बांधलेली, शेवटची. 'विकायची नाहीत' ही तुमची पाटी मीच काढली. हंगामात सगळी फुलली होती आणि गिऱ्हाईक तिथून हलेना. मी नाही म्हणणार, तोच आई म्हणाल्या, "अगं, माझ्या लेकानं विकायलाच बांधली होती ना? पिशवीत मुळं गुदमरताहेत त्यांची." मग एकेक कलम त्यांनीच उचलून गाडीत ठेवलं.

सगळी गिऱ्हाइकाच्या बागेत, जमिनीत लावूनच मी परत येईन. रागवायचं तर माझ्यावर रागवा. आई अजून त्या मोकळ्या जागेपाशी झारी घेऊन बसल्या आहेत. काही न बोलता त्यांच्याजवळ बसा.

वहिनी