फ्लेक्सवरचं गाव

२० फेब्रुवारी, गुरुवार

नणंदेनं मला नियम पाठवलेत! नऊ नियम, आकडे घालून. जणू मीच परदेशी निघालेय. स्वराली जाऊन दीड महिना झाला. तिबिलिसी, जॉर्जिया. पुण्याच्या कंपनीचं काम तिथून करते. लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की झालं म्हणे.

जागा सोडल्यावरच ती तिथले फोटो टाकणार. टॅक्सीवाल्याला, घरमालकाला, कुणालाही एकटी आहे हे सांगणार नाही. कॅफेतल्या वायफायवर बँकेचं काही उघडणार नाही. पासपोर्टची प्रत माझ्याकडे. रोज सकाळी दहाला मला मेसेज, आणि दुपारपर्यंत आला नाही तर मी काय करायचं तेही लिहिलंय. शेवटचा नियम जाड अक्षरात: गाव फक्त तुम्हाला सांगितलंय. आईला नाही, दादाला नाही.

मलाच का? सतरा वर्षांत आम्ही एकमेकींशी धड चार वाक्यं बोललेलो नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत म्हणाली होती, "वहिनी माणसांचेसुद्धा पेपर तपासतात." सगळं घर हसलं. मी अजून हसलेले नाही.

२१ फेब्रुवारी

दहा वाजून दोन मिनिटांनी मेसेज. "ठीक." एवढंच. कारकून आहे मी तिची?

२४ फेब्रुवारी, सोमवार

अन्याय नको, म्हणून लिहून ठेवते. दिग्विजय, तिचा घटस्फोटित नवरा, इंदापूरचा. पुण्यात तिच्या ऑफिसच्या फाटकाशी रोज येऊन उभा राहायचा. वीस दिवस. एकविसाव्या दिवशी मनगट धरून पिरगाळलं, हाड मोडलं. केस झाली, लांब राहायचा हुकूम झाला. तरी नवनव्या नंबरांवरून फोन. "जाशील तितं येतो." म्हणून ती गेली, भटकायला नाही.

हे सगळं मला माहीत आहे. तरी ती तिकडे खिडकीत बसून कॉफी पीत असेल असं मनात आलं की राग येतो. हा राग खरंच तिच्यावरचा, की तीन तास बारावीच्या पेपरला उभं राहून पाय सुजतात त्याचा? ठरवता येत नाही.

४ मार्च, मंगळवार

ऋषिराज आला होता. यांचा चुलतभाऊ. पंचायत समितीला उभं राहायचंय त्याला, त्यामुळे येता-जाता नमस्कार. महिला दिनाला फ्लेक्स लावणार— "सातासमुद्रापार झेप! पिंपळीच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन!" डिझाईन मोबाईलवर दाखवलं. स्वरालीचा फोटो पोस्टकार्डाएवढा आणि याचा गॉगल घातलेला, दारभर.

मी म्हणाले, "फ्लेक्स नको. तिला आवडणार नाही."

"वहिनी, झालंय सगळं. तुमी नुसतं शुद्धलेखन बघा."

सासूबाई आतून, "पोरीचं नाव व्हतंय तर हिला का झोंबतंय?"

"आई, दिग्विजयनं पाहिलं तर?"

"तितं काय त्यो पोचतोय? इंदापूर हाय का ते?"

आणखी बोलले असते तर मत्सर ठरला असता. मग डिझाईन नीट पाहिलं. "थायलंड येथे कार्यरत." थायलंड! ऐकीव कुठलंतरी ठोकून दिलेलं. भूगोल शिकवते मी. एवढं धडधडीत चुकीचं माझ्या हाताखालून जाणार? खोडून "जॉर्जिया" केलं. ऋषिराज म्हणाला, "म्हंजी अमेरिकेतलं का? लई भारी!" तेही राज्य आहेच तिकडे, त्याची चूक नाही. घोळ नको म्हणून पुढे "तिबिलिसी" घातलं.

निदान चूक तरी गेली.

८ मार्च, शनिवार

एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागलाय. रिक्षातून पाहिला. स्वरालीचं नाव, त्याखाली गाव, बोटभर जाडीच्या लाल अक्षरात. नववा नियम!

आठवलाच नाही तेव्हा. की आठवू दिला नाही? हात एकदाही अडखळला नव्हता, हे मात्र पक्कं आठवतंय. मुलांच्या पेपरातला एक मार्क द्यावा की नाही यावर मी पंधरा मिनिटं घालवते. इथे अर्धं मिनिटही नाही.

ऋषिराजला फोन केला, उतरव म्हणून. "वहिनी, आजच्या आज उतरवला तर मानसं काय म्हनतील? आन् माझ्या स्टेटसला सातशे जनांनी बघितलाय."

रात्री ज्ञानेशना सांगितलं. हे पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "तुला तर तिचं काही बरं झालेलं बघवतच नाही." नवरा! फ्लेक्सला विरोध केला म्हणून मीच वाईट. गाव मी घातलं हे सांगितलं असतं तर? नाही सांगितलं.

९ मार्च

"ठीक." दहा वाजता. तिला अजून कळलेलं नाही.

११ मार्च, मंगळवार

तो आला.

दुपारी तीनला. घरात सासूबाई आणि मी. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. वाकून सासूबाईंच्या पाया पडला. "आई, बऱ्या हाय ना?" सासूबाई आत गेल्या आणि स्वयंपाकघराला आतून कडी घातली. चांगलं! मी बाहेर, एकटी.

बसला. पाणी मागितलं. दिलं मी. का दिलं?

"फ्लेक्स लई भारी झालाय, वहिनी. नायतर आमाला कोन सांगतंय? व्हिसाचं टाकलंय मी. आठ-धा दिसात येतोय. दुबईला जाऊन आलोय, आता तितंबी जाऊन येतो." मग अगदी हळू, "तिबिलिसीत कुठं राहती?"

"तू जाऊ नकोस. हुकूम आहे कोर्टाचा."

"त्यो पुन्याचा हुकूम. तितं कोन वाचतंय मराठी?" हसला. दात फार स्वच्छ आहेत त्याचे. "भांडायला न्हाय जात. बोलायचंय फकस्त."

मनगट मोडलं तेव्हाही बोलायचंच होतं.

मी म्हणाले, "ती तिबिलिसीत नाही आता. गेल्याच आठवड्यात हलली. बटुमीला."

"कुठं आलं हे?"

"काळ्या समुद्राच्या काठी. बंदर आहे." एवढंच नाही, कागदावर लिहूनही दिलं! वर्गात विचारल्यावर सांगते तसं, सरळ, डोळ्यांत बघून.

त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. "तुमच्या तोंडून आलं म्हंजी खरंच. आख्ख्या भावकीला म्हाईत हाय, तुमी खोटं बोलत न्हाय."

पेढे ठेवून गेला. कचऱ्यात टाकले.

१२ मार्च, बुधवार

आयुष्यात पहिल्यांदा असं ठरवून, तपशिलासकट खोटं बोलले. आणि लाज वाटण्याऐवजी बरं वाटतंय! तिबिलिसी ते बटुमी पावणेचारशे किलोमीटर. हिंडू दे त्याला किनाऱ्यानं.

बटुमीच का सुचलं, याचाही विचार केला. तो पटकन विश्वास ठेवेल असं हवं होतं. स्वराली पाणी सोडत नाही हे त्यालाही ठाऊक आहे. दिवेआगरला गेलो होतो तेव्हा अंधार पडला तरी बाहेर येईना, मी काठावर टॉवेल धरून चडफडत उभी. तिला स्वतःला निवडायचं असतं तर तिनं जे निवडलं असतं, तेच सांगितलं. खोटं पटावं म्हणून तिला किती बारकाईनं आठवलं मी! नावडत्या माणसाकडे इतकं लक्ष असतं आपलं?

तिला कळवायला हवं. पण दिग्विजयचं सांगायचं म्हणजे फ्लेक्सचं सांगायचं, आणि फ्लेक्सचं सांगायचं म्हणजे ते गाव कुणी घातलं हेही. "फोन कर" एवढंच पाठवलं. उत्तर आलं, "मीटिंगा आहेत. ठीक." पुढे लिहायचं धैर्य झालं नाही. उद्या सांगते. तसाही तो भलतीकडे जाणार आहे.

१३ मार्च, गुरुवार

सकाळीच स्वरालीचा फोन. तिच्या पुण्याच्या मैत्रिणीनं, मोनानं, फ्लेक्सचा फोटो पाठवला होता तिला. आता ओरडेल म्हणून मी उभीच राहिले. ती हसत होती!

"राहू द्या हो वहिनी, उतरवू नका. मी तिबिलिसीत कधी नव्हतेच. तो दारात येऊन उभा राहिला तर तुम्ही खरं तेच सांगून टाकाल, याची खात्री होती. म्हणून तुम्हाला ते गाव दिलं. खरा पत्ता मोनाकडे आहे. पहिल्या दिवसापासून मी बटुमीत आहे, खिडकीतून समुद्र दिसतो—"

"बॅग भर," मी म्हणाले.